हजर पर्वतातील शिकारी आणि डॉक्टर जयकरांचा ताहर

ओमानचा किनारा आणि त्याचा अंतर्भाग यांच्यामध्ये हजर पर्वताची जी प्रचंड भिंत मुसंदमच्या टोकापासून रास अल-हद्दच्या दिशेने सुमारे सातशे किलोमीटरपर्यंत धावते, तिच्या रचनेतच त्या देशाच्या इतिहासाचे अर्धे मर्म सामावलेले आहे. एका बाजूस समुद्र, बंदरे, जकातीची ठाणी आणि परमुलखांतून आलेले व्यापारी. दुसऱ्या बाजूस खजुराची बने, इमामाचा अंमल आणि आपापल्या शेखांखेरीज कोणाचाही हुकूम न मानणाऱ्या टोळ्या. आणि या दोहोंच्या मधोमध चुनखडीचे व काळपट अग्निजन्य खडकांचे उघडेबोडके कडे, ज्यांतील जबल शम्सचे शिखर समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन हजार मीटर उंच आहे. या कड्यांत सत्ता पोहोचली ती फार उशिरा, परंतु माणूस मात्र फार पूर्वीच पोहोचला होता, आणि तो पोहोचला तो मुख्यतः दोन कारणांनी: एक पाण्यासाठी आणि दुसरे शिकारीसाठी.

त्या शिकारीचे श्रेष्ठ भक्ष्य म्हणजे डोंगरी लोक ज्याला वअल म्हणतात तो अरबी ताहर. हिमालयातील ताहर आणि आपल्या निलगिरीतील ताहर यांच्यापेक्षा तो बराच लहान; खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच, तांबूस-तपकिरी राठ केसांचा, पाठीवरून गेलेल्या गडद पट्ट्याचा, आणि नर असेल तर मानेवर आयाळ व जबड्याखाली दाढी मिरविणारा. शिंगे नर-मादी दोघांनाही असतात व ती मागे वळलेली असतात. तो कळपांनी हिंडत नाही. एकटा किंवा दोघातिघांच्या कुटुंबाने, उत्तरेकडे तोंड करून उभ्या असलेल्या उतारांवर, जेथे उन्हाचा दाह किंचित कमी आणि बोरी, बाभळी व रानजैतुनाची झाडे किंचित अधिक, तेथे तो राहतो. वाळवंटी प्रदेशातील कित्येक प्राणी पाण्यावाचून आठवडेच्या आठवडे काढतात, परंतु ताहराला ते साधत नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी त्याला घळीतल्या डबक्याशी उतरावेच लागते. त्याच्या जीवनातील हे एकच दौर्बल्य, आणि शिकाऱ्याच्या हाती असलेली किल्लीही तीच.

हजरच्या परिसरातील खडकांवर शिंगे असलेल्या प्राण्यांची, स्वारांची आणि शस्त्रधारी माणसांची जी कोरीव चित्रे आढळतात, त्यांवरून या मृगयेची परंपरा किती दीर्घ असावी याची कल्पना येते. शेजारच्या हद्रमौतात तर रानबोकडाची शिकार हा केवळ उदरभरणाचा उद्योग नव्हता. पाण्याच्या वाटपाइतकेच तिचेही नियम गावोगाव ठरलेले असत, शिकारीहून परतणाऱ्यांची मिरवणूक निघे, आणि मारलेल्या जनावराची शिंगे घरांच्या कोपऱ्यांवर बसविली जात. अरबी विद्येचा ब्रिटिश पंडित सार्जंट याने १९७६ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ओमानी डोंगरात असा थाटमाट असल्याचे दिसत नाही. तेथील शिकारी एकटा किंवा एका-दोघा सोबत्यांसह जाई, कुत्रा बरोबर असेल तर जनावराला कड्याच्या कोनाड्यात अडवून धरण्यास त्याचा उपयोग होई, आणि नसेल तर पाणवठ्याच्या वर कपारीत पहाटेपासून दबा धरून बसण्याखेरीज गत्यंतर नसे. तोड्याच्या बंदुकीने एकच बार काढता येई. तो चुकला की दारू ठासून दुसरा बार भरेपर्यंत ताहर दोन घळी ओलांडून गेलेला असे. गोळी लागलीच तर देवाचे नाव घेऊन जनावर हलाल करावयाचे, आणि मांस त्या उभ्या कड्यांवरून पाठीवर वाहून न्यावयाचे. जेथे एका जनावरासाठी एवढा देह झिजवावा लागतो, तेथे गरजेपलीकडे हत्या होत नाही. हे संयमाचे पुण्य शिकाऱ्याचे की शस्त्राच्या मर्यादेचे, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते दोहोंचेही होते, आणि पुढील सर्व कथा या दोहोंपैकी एक निसटल्यावर दुसऱ्याचे काय झाले याचीच आहे.

ही कथा मुंबईशी जोडली जाते ती मस्कतच्या बंदरातून. ईस्ट इंडिया कंपनीने मस्कतच्या सुलतानाशी १७९८ मध्ये कौलनामा केला, तेव्हापासून त्या दरबाराचे मुंबईशी राजकीय दळणवळण सुरू झाले. कच्छी भाटियांच्या पेढ्या तेथे त्याही पूर्वीपासून होत्या, व्यवहारात आपला रुपया चाले, आणि १८६४ मध्ये तेथे हिंदुस्थान सरकारचे टपालघरही उघडले. १८५६ मध्ये सय्यिद सईद बिन सुलतान मृत्यू पावल्यावर झांझिबार आणि ओमान अशी त्याच्या राज्याची वाटणी झाली, मस्कतचे ऐश्वर्य ओसरले, आणि सुलतान इंग्रजी वकिलातीच्या आधारावर अधिकाधिक अवलंबून राहू लागला. या वकिलातीला एक शल्यवैद्य लागे. त्या जागेवर एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जो तरुण हिंदी वैद्य आला, तो १९०० पर्यंत तेथे राहिला. त्याचे नाव आत्माराम सदाशिव ग्रँडिन जयकर.

जयकर हे आडनाव मुंबईच्या पाठारे प्रभू ज्ञातीत सुपरिचित आहे. १८४४ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविला तो अशा काळात, की त्या सेवेत हिंदी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. मस्कतची नेमणूक कोणास हवीशी वाटण्याजोगी नव्हती. तिन्ही बाजूंनी काळ्या खडकांनी वेढलेल्या त्या शहरात उन्हाळ्याच्या रात्रीही भिंती निवत नाहीत, आणि पटकीसारख्या साथी समुद्रमार्गे येत. परंतु जयकरांनी त्या शिक्षेच्या जागेचे विद्यापीठ केले. मस्कतच्या आरोग्यविषयक भूवर्णनाचा अहवाल त्यांनी वकिलातीच्या दफ्तरासाठी लिहिला. ओमानी अरबी बोलीचे व्याकरण व शब्दसंग्रह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. ओमानी म्हणी जमविल्या. आणि निवृत्तीनंतर मुंबईस परतल्यावर अद-दमीरी या मध्ययुगीन अरब पंडिताच्या प्राणिविषयक विश्वकोशाचे इंग्रजी भाषांतर हाती घेऊन त्याचे दोन मोठे भाग १९०६ आणि १९०८ मध्ये बाहेर काढले. १९११ मध्ये त्यांचा अंत झाला.

मस्कतच्या कोळ्यांकडून त्यांनी जे मासे मिळविले, त्यांची वर्णने ब्रिटिश म्युझियममधील बूलेंजर याने १८८७ पासून क्रमाने प्रसिद्ध केली. एका सरड्याला, वाळूत राहणाऱ्या एका सापाला आणि एका समुद्रघोड्याला जयकरांचे नाव लाभले. मग डोंगराची पाळी आली. जबल अखदरच्या रांगेतील जबल तौ या ठिकाणचे एका अपरिचित रानबोकडाचे नमुने जयकरांकडून लंडनला पोहोचले, आणि तेथील सस्तन प्राण्यांचा अधिकारी ओल्डफील्ड टॉमस याने १८९४ मध्ये ही जाती शास्त्राला नवी असल्याचे जाहीर करून तिला जयकरांचे नाव दिले. हिमालय आणि निलगिरी या दोन दूरच्या ठिकाणांखेरीज ताहर जगात कोठे असेल अशी कल्पना तोवर कोणासही नव्हती. पुढे २००५ मध्ये आनुवंशिक परीक्षणावरून असे दिसले की हा प्राणी हिमालयी ताहराचा नव्हे तर उत्तर आफ्रिकेतील रानमेंढ्याचा जवळचा आप्त आहे, म्हणून त्याला अरबस्तानावरून घेतलेले स्वतंत्र प्रजातिनाम मिळाले. परंतु जयकरांचे नाव त्यातही कायम राहिले.

आता हे ध्यानात घेतले पाहिजे की जयकरांसारखा वकिलातीतील सरकारी वैद्य आपल्या मर्जीने जबल अखदरच्या कड्यांवर बंदूक घेऊन हिंडू शकत नव्हता. त्या मुलखात जावयाचे तर टोळ्यांच्या शेखांचा रक्षणाचा शब्द लागे. खुद्द राजकीय वकील माइल्स १८७६ मध्ये जबल अखदरवर गेला, तो प्रवास एवढा विरळा की त्याचे वृत्त पंचवीस वर्षांनंतरही प्रसिद्धीस योग्य ठरले. म्हणून असे कातडे आणि कवटी किनाऱ्यावर आली असणार ती कोणा डोंगरी शिकाऱ्याच्याच हातून. त्या शिकाऱ्याचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही, आणि त्याच्या घरी जयकर हे नाव कोणी ऐकलेही नसेल. तरी प्राणिशास्त्रातील या नोंदीचा पहिला कर्ता तोच होय, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

याच सुमारास या प्राण्याच्या नामसाधर्म्याच्या भाऊबंदांचे काय चालले होते हे पाहणे उद्बोधक आहे. निलगिरीत इंग्रज मळेवाल्यांनी ताहरांची इतकी कत्तल केली की १८७७ मध्ये तेथे शिकारीवर नियंत्रण ठेवणारी संस्था स्थापावी लागली. हिमालयी ताहर १९०४ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डच्या भेटीदाखल न्यूझीलंडला जाऊन पोहोचला आणि शिकाऱ्यांच्या हौसेखातर तेथील पर्वतांत सोडला गेला. तेथे त्याला वैरी नसल्यामुळे त्याची प्रजा अशी फोफावली की पुढे सरकारलाच बंदूकवाले नेमून त्याला मारावे लागले. हजर पर्वताच्या वाट्याला गौरवर्णी शिकारी आले नाहीत; इमामाच्या मुलखाची बंद दारे हीच ताहराची ढाल ठरली. परंतु त्या दारांतून एक वस्तू मात्र आत गेली, आणि तीही जयकरांच्याच बंदरातून.

१८९० च्या ब्रसेल्स कराराने आफ्रिकेच्या मोठ्या भागात शस्त्रे नेण्यावर बंधने आली, तेव्हा युरोपच्या कारखान्यांतील बंदुकांना नवी बाजारपेठ हवी झाली आणि ती मस्कतला सापडली. मार्टिनी-हेन्री रायफली व काडतुसे यांच्या पेट्या गलबतांतून उतरू लागल्या. तेथून काही माल मकरानच्या किनाऱ्यावरून अफगाणिस्तान व आपल्या वायव्य सरहद्दीकडे गेला, आणि काही हजरच्या खिंडींतून अंतर्भागातील टोळ्यांकडे. १८९५ च्या फेब्रुवारीत याच अंतर्भागातील टोळ्यांनी खुद्द मस्कत शहर ताब्यात घेतले आणि सुलतान फैसलला किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले, हे त्या व्यापाराच्या परिणामांचे एक ठळक दृश्य. इंग्रजांच्या दडपणामुळे १९१२ मध्ये शस्त्रांसाठी सरकारी वखार काढून हा धंदा आवळला गेला, पण तोपर्यंत दूरवर अचूक मारा करणारी काडतुसी रायफल हा डोंगरी पुरुषाच्या वेषाचाच भाग होऊन बसला होता. ताहराच्या दृष्टीने हा सर्वात मोठा पालट होता. पूर्वी पाणवठ्याच्या कपारीत बसलेला माणूस जनावरापासून पंचवीस-तीस पावलांवर असावा लागे. आता तो समोरच्या कड्यावर बसून घळीच्या पलीकडे नेम धरू शकत होता.

१९१३ मध्ये अंतर्भागात पुन्हा इमामाची निवड झाली आणि १९२० च्या सीबच्या तहाने सुलतान व इमाम यांच्या अंमलाच्या सीमा जवळजवळ मान्य झाल्या. त्यानंतर पस्तीस वर्षे हा मुलूख बाहेरच्यांना बंदच राहिला. विल्फ्रेड थेसिजरसारखा कसलेला प्रवासी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बुरैमीजवळील जबल हफीतवर ताहर असल्याचा पुरावा घेऊन गेला, पण जबल अखदर पाहण्याची त्याची इच्छा इमामाच्या विरोधामुळे अपुरीच राहिली. पुढे १९५७ ते १९५९ या काळात इमाम गालिब, त्याचा भाऊ तालिब आणि बनू रियामचा शेख सुलेमान बिन हिमयर यांनी सुलतानाविरुद्ध जबल अखदरवर लढा दिला. विमानांतून बाँबवर्षाव झाला, आणि जानेवारी १९५९ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी रात्रीच्या अंधारात कडे चढून पठार घेतले. जो पर्वत शतकानुशतके अजिंक्य समजला गेला त्याच्या माथ्यावर छावणी पडली, आणि हळूहळू वाटाही फुटू लागल्या.

त्याच दशकात तेलाच्या शोधार्थ आलेल्या मोटारींनी वाळवंट उघडले होते. या मोटारींनी काय केले याची साक्ष डोंगरातला ताहर नव्हे, तर सपाटीवरचा शुभ्र ओरिक्स देतो. शे-दोनशे मैलांचे वाळवंट जेथे पूर्वी उंटाच्या पायाने तुडवावे लागे, तेथे मोटारींवर स्वार झालेल्या श्रीमंत परदेशी टोळ्या स्वयंचलित शस्त्रांनिशी येऊन कळपच्या कळप कापून परतू लागल्या. १९६१ च्या सुमारास उत्तरेकडून आलेल्या अशा शिकारी स्वाऱ्यांमुळे हा प्राणी नामशेष होणार असे स्पष्ट झाले. तेव्हा लंडनच्या एका निसर्गरक्षक संस्थेने मेजर इयन ग्रिमवुडच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये मोहीम पाठवून शिल्लक राहिलेल्यांपैकी काही ओरिक्स पकडले व अमेरिकेत फीनिक्स येथे नेऊन त्यांची वंशवृद्धी केली. रानात उरलेल्यांची शेवटची टोळी ऑक्टोबर १९७२ मध्ये जिद्दत अल-हरासीसच्या मैदानात मारली गेली. जेथे मोटार जाते तेथे मृगयेचा जुना हिशेबच संपतो: श्रम नाहीत, तहान नाही, मांस वाहून नेण्याची अडचण नाही, आणि म्हणून थांबण्याचेही कारण नाही. हजरच्या कड्यांवर मोटार चढू शकत नाही, एवढ्याच एका कारणाने ताहर वाचला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस गादीवर आले आणि ओमानची दारे उघडली. रस्ते, दवाखाने आणि शाळा यांच्यामागोमाग, अन्य नवश्रीमंत राज्यांत फार उशिरा सुचलेली एक गोष्ट येथे त्वरेने झाली: राल्फ डेली यांना पर्यावरणरक्षणाचे सल्लागार म्हणून नेमण्यात आले, आणि १९७५ मध्ये उत्तर ओमानातील वनस्पती व प्राणी यांची शास्त्रीय पाहणी हाती घेण्यात आली. शिकारबंदीचे हुकूमही त्याच दशकात निघाले. मस्कतच्या दक्षिणेस असलेल्या वादी सरीनच्या कड्यांभोवतीचा मुलूख ताहरासाठी राखून ठेवण्यात आला आणि पॉल मंटन या संशोधकाने दशकाच्या उत्तरार्धात तेथे राहून या प्राण्याचा पहिला सविस्तर अभ्यास केला. जयकरांच्या नमुन्यांनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, मेलेल्या कातड्याऐवजी जिवंत ताहर काय खातो, कोठे पितो, आपली हद्द कशी राखतो, हे जगाला कळू लागले. सर्व मिळून दोन हजारांच्या आतच जनावरे उरली असावीत असा मंटनचा अंदाज होता.

या कार्याला जे यश आले त्याचे मर्म मात्र एका नेमणुकीत आहे. वादी सरीनची राखण करण्यासाठी राजधानीतून शिपाई आणले नाहीत. त्याच परिसरातील गावांची माणसे पगारावर ठेवली. कोणत्या घळीत उन्हाळ्यातही पाणी टिकते, नर कोणत्या उतारावर माग सोडतो, कोणत्या कपारीतून माणूस चढू शकतो आणि कोठे नाही, हे ज्ञान पुस्तकांत नव्हते. ते पिढ्यान् पिढ्या शिकार करीत आलेल्या कुटुंबांपाशी होते. शास्त्रज्ञाला ते हवे होते आणि चोरट्या शिकाऱ्याला अडविण्यासाठी रक्षकालाही. ज्या विद्येने ताहर मारला जात होता त्याच विद्येने तो राखला जाऊ लागला, आणि शिवाय त्या गावाला एक नियमित पगार व आपल्या डोंगरावर आपलाच अधिकार असल्याची जाणीव मिळाली. मला वाटते, सर्व आज्ञापत्रांपेक्षा आणि फर्मानांपेक्षा या एका निर्णयाचे मोल अधिक आहे. ओरिक्सच्या बाबतीतही हेच केले गेले: ३१ जानेवारी १९८२ रोजी यालूनी येथे दहा ओरिक्स पुन्हा मोकळ्या वाळवंटात सोडले गेले, तेव्हा त्यांच्या मागावर राहण्याचे काम हरासीस टोळीच्या माणसांना देण्यात आले.

तथापि लोभापुढे हाही बंदोबस्त नेहमी पुरा पडत नाही. १९९६ मध्ये ओरिक्सची संख्या साडेचारशेच्या आसपास गेली आणि त्याच वर्षी जिवंत जनावरे पकडून परदेशी खासगी संग्रहांना विकणाऱ्यांचे हात तेथे पोहोचले. मग कळप वेगाने घटत जाऊन २००७ पर्यंत रानात सुमारे पासष्टच उरले. १९९४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेले तेथील ओरिक्सचे अभयारण्य, सरकारने त्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटविल्यानंतर, २००७ मध्ये त्या यादीतून वगळले गेले. अशी वेळ येणारे ते जगातील पहिलेच ठिकाण. ताहराचा असा बाजार भरला नाही. त्याला पकडून जिवंत खाली आणणे हे मारण्याहून दुष्कर आहे, आणि सीबजवळच्या बैत अल-बरका येथील सरकारी पैदास केंद्रात त्याचा वंश सांभाळण्याची व्यवस्थाही झाली आहे. वन्य प्राण्यांच्या हत्येस व पकडण्यास शिक्षा ठरविणारा २००३ चा कायदा ताहरालाही लागू आहे.

आज हजर पर्वतात ताहराला बंदुकीची भीती पूर्वीइतकी नाही. त्याचा खरा तंटा बकऱ्यांशी आहे. डोंगरी गावांतील माणसे शहरांत नोकरीस गेली, तेव्हा त्यांच्या शेरड्यांमागे गुराखी उरला नाही. बकऱ्या मोकाट होऊन कड्यांवर चढल्या, आणि ज्या डबक्यांशी ताहर उन्हाळ्यात उतरतो तीच त्यांनी व्यापली, ज्या बोरीचा पाला तो खातो तोच त्यांनी खाल्ला. नव्या रस्त्यांनी आणि वस्त्यांनी उतारांचे तुकडे पडले ते वेगळेच. बकरी ही कोणाची तरी मालमत्ता आहे, तिला हाकलून लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरावर हात टाकणे. म्हणून राखीव मुलखातील रक्षकाला, जो बहुधा त्याच गावाचा असतो, मालकाशी बोलून, कधी समजावून, कधी शेखाला मध्ये घालून मार्ग काढावा लागतो. पाण्याच्या पाळ्या वाटून घेण्याची पद्धत ओमानच्या अफलाज कालव्यांवर शतकानुशतके चालत आली आहे, आणि कड्यावरच्या डबक्यांसाठीही तसाच एखादा करार गावागावांत बसवावा लागेल असे त्या डोंगरांत काम केलेल्या जाणकारांच्या प्रतिपादनावरून मला वाटते.